गावभरच्या तसबिरींतला काळा कोट

तुम्ही मला पाहिलेलं आहे. सोलापुरात कुणाच्याही घरी जा, बैठकीच्या खोलीत हार घातलेली एखादी तसबीर असेल. तिच्यातले गृहस्थ बंद गळ्याचा काळा कोट घालून ताठ बसलेले असतील आणि कोटाचं वरून दुसरं बटण जरासं लोंबत असेल, तर तो कोट म्हणजे मी. किराणा दुकानदार, मिलमधले मुकादम-जॉबर, वकील, एक पैलवान, शाळा तपासणारे एक दिपोटी साहेब, सगळ्यांच्या अंगात मीच आहे. मी आल्पाकाच्या भारी कापडाचा आहे, थोडा गर्व मला शोभतो.

पण आज मला बोलायचंय ते एका वेगळ्या तसबिरीबद्दल. माझ्या मालकाच्या, शिवयोगी मास्तरांच्या. गावभरच्या लोकांचे चेहरे रंगवणारा हा माणूस गेल्या चैत्रात गेला आणि मागं त्याचा स्वतःचा चेहरा कुठंच राहिला नाही. शाळेला त्यांची तसबीर हवी होती. ती काढायची होती त्यांच्या मुलीनं, चंद्रव्वानं, आणि तिला ती काही केल्या जमेना. हे सगळं नीट सांगायचं तर माझ्या जन्मापासून सुरुवात करायला हवी. माझा नाइलाज आहे, मला मधूनच सुरू करता येत नाही.

मी जन्मलो एकोणीसशे बावीस साली, मंगळवार पेठेत, एका शिंप्याच्या मांडीवर. शिवयोगींना नुकतीच हायस्कुलात ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली होती. शिंपी माप घेत होता तेव्हा हे एका जागी उभे राहीनात. शिंप्याच्या वाकलेल्या मानेची रेघ त्यांना आवडली होती, म्हणून सारखे वळून वळून तिच्याकडं बघत होते. व्हायचं तेच झालं. माझी उजवी बाही डावीपेक्षा बोटभर आखूड निघाली.

शिंपी ओशाळून म्हणाला, "मास्तर, सोडून परत शिवून देतो."

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "खडूचा हात मोकळा राहील."

तेव्हापासून मी एका बाहीनं आखूड आहे. तसबिरीत ते दिसत नाही, कारण मास्तर सगळ्यांचा उजवा हात मांडीवर आडवा ठेवून घ्यायचे.

लग्न होऊन घरात मूल आलं आणि मूल चालायला लागलं तोवर मुलीची आई, गुरम्मा, तापानं गेली. मास्तरांची थोरली बहीण निंगव्वा अक्कलकोटहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. तिला ना मूल ना नवरा. पंधरा दिवसांनी तिनं आपलं बोचकं उचललं, चंद्रव्वानं तिच्या लुगड्याचा काठ धरला, आणि बोचकं पुन्हा फळीवर गेलं ते आजतागायत तिथंच आहे.

निंगव्वाच्या तोंडाला विसावा नसायचा. "तम्मा, पोरीला आई बघ की," असं ती धाकट्या भावाला रोज सुनवायची. "बघतो की, अक्का," असं ते रोज म्हणायचे. एकदा एका स्थळाकडची मंडळी खरंच बघायला आली. मास्तर दार उघडायला गेले ते माझ्या बाहीला कणकेचे हात पुसत, काखेत पोर, आणि पोरीच्या गालाला निळा रंग. मंडळींनी गूळपाणी घेतलं आणि हवापाण्याबद्दल बोलून गेली. निंगव्वा आठवडाभर भावाशी बोलली नाही. मास्तर त्या आठवड्यात फार आनंदात होते.

स्वयंपाक निंगव्वाचा, पण पोरीचे केस मास्तरांचे, अशी त्या घरात वाटणी होती. पहिल्यांदा त्यांना वेणी येईना. मग त्यांनी बहिणीला बसवून तिच्याकडून सुंभाची वेणी घालून घेतली आणि कुठली बट कुणावरून जाते याचं एक मोठं चित्र काढलं, बाण दाखवून, नंबर घालून. ते चित्र महिनाभर भिंतीवर होतं. त्यात बघत बघत ते चंद्रव्वाच्या मागं बसून वेणी घालायचे आणि तोंडानं वर्गात सांगतात तसं सांगायचे, "आता डावी मधलीवर. आता उजवी मधलीवर. हलू नको गं, नंबर चुकतोय."

माझ्या डाव्या खिशात खडू असायचे आणि उजव्या खिशात फणी नि लाल रिबीन. घाईत हे खिसे विसरायचे. एकदा भर वर्गात फळ्यापाशी जाऊन त्यांनी खिशात हात घातला आणि गजभर रिबीन बाहेर काढली. पोरं खो खो हसली. मास्तरही हसले, आणि मग ती रिबीन टेबलावर टाकून म्हणाले, "छान पडलीय. हीच काढा आज." त्या दिवशी सगळ्या वर्गानं रिबिनीच्या घड्या काढल्या. मला वाटतं, त्या घड्या काढताना जेवढी पोरं शिकली तेवढी वर्षभरात शिकली नसतील.

शिकवायची त्यांची तऱ्हाच तशी होती. वर्गाच्या खिडकीतून मिलची चिमणी दिसायची. ती काढायला सांगितली की पोरं पट्टी घेऊन दोन रेघा मारायची. मास्तर म्हणायचे, "चिमणी जागची हलत नाही, ती उद्याही काढता येईल. धूर आज कुणीकडं चाललाय ते सांगा आधी." मग चाळीस माना खिडकीकडं वळायच्या. हेडमास्तर व्हरांड्यातून जाताना बघायचे तर कुणाच्या हातात पेन्सिल नाही, सगळे खिडकीबाहेर बघतायत आणि मास्तरही बघतायत.

रविवार मात्र माझा. रविवारी मास्तर घरी तसबिरी काढायचे. त्या काळात कुणी गेलं की वर्षाच्या आत तसबीर भिंतीवर लागली पाहिजे, असं लोकांना वाटायचं. आणि फोटो तर बहुतेकांनी जन्मात काढलेला नसायचा. मग मास्तर घरातल्या मंडळींना बोलवायचे. ज्याचा बांधा गेलेल्या माणसासारखा, त्याला माझ्यात घालून खुर्चीवर बसवायचे आणि बाकीच्यांनी सांगायचं, नाक जरा मोठं, कान पुढं, भुवई जाड.

एका रविवारी सांगोल्याकडची केराबाई आली. धनगराची बाई, खांद्यावर घोंगडी, बरोबर थोरला मुलगा बिरप्पा. तिचा नवरा धुळा गेला होता. मास्तरांनी विचारलं, "कोट घालत होते का ते?"

"न्हाय की," केराबाई म्हणाली. "उभा जलम खांद्यावर घोंगडं. पर तुमी कोट घाला त्यांस्नी. शेजारच्या घरात म्हाताऱ्याला कोट हाय. आमच्याला का नगं?"

बिरप्पाला माझ्यात घातलं. खांदे एवढे रुंद की माझी पाठीवरची शिवण कुरकुरली. तो बसला तो मेढीसारखा ताठ. मास्तरांनी कोट काढला चित्रात, म्हणजे मला काढलं, खांदे घेतले, हात घेतले, आणि चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली. मग कुंचला खाली ठेवून म्हणाले, "झालं काम. काढा आता कोट, मोकळे व्हा."

बिरप्पानं मला अंगावरून काढलं, हुश्श केलं, गुडघा चोळत जरा पुढं वाकला आणि दाराबाहेर बघायला लागला. त्याच क्षणी मास्तरांनी पुन्हा कुंचला उचलला. केराबाईच्या तोंडाला पदर गेला.

"आसंच करायचं की हो," ती हळूच म्हणाली. "मेंढरं वाड्यात घातली की आसंच बसायचं."

ही त्यांची युक्ती होती. माणूस माझ्यात असतो तोवर माझ्यासारखाच दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मला अंगातून काढल्यावर पुढच्या चार-सहा श्वासांत जो चेहरा येतो तो खरा, आणि घराण्यातला सारखेपणाही तेव्हाच वर येतो. आधी मला या म्हणण्याचा राग यायचा. पण महिन्याभरानं केराबाई तसबीर न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मानूस माजाच हाय. कोट मातुर तुमचा हाय." तिनं ते इतक्या समाधानानं म्हटलं की माझा राग गेला.

या सगळ्या वर्षांत चंद्रव्वा मास्तरांच्या शेजारी बसून मोठी झाली. आधी कुंचले धुवायची, मग रंग कालवायची, मग त्यांनी काढलेल्या माझ्या बटणांवर चमक टाकायची. ड्रॉइंगच्या दोन्ही ग्रेड परीक्षा झाल्या. निंगव्वा म्हणायची, "पोरीला रांगोळी येती तेवढी बास." मास्तर म्हणायचे, "तुझी रांगोळी पुसून जाते, अक्का. हिची राहू दे."

आता फोटोचं सांगतो. शाळेचा दर वर्षी ग्रुप फोटो निघायचा, तेव्हा मास्तरांचा एक तरी चेहरा असायला हवा होता, नाही का? आहेत की, पंचवीस फोटो आहेत. प्रत्येकात मी लख्ख आलोय, लोंबतं बटणसुद्धा मोजून घ्यावं. आणि माझ्यावर प्रत्येकात एक धुरकट डाग आहे. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालायचा, आणि ऐन वेळी मास्तर मागच्या पोरांकडं वळून बजावायचे, "कुणी हलू नका." पोरं हलायची नाहीत. हलायचे ते फक्त मास्तर. एकाही वर्षी त्यांच्या हे ध्यानात आलं नाही.

गेल्या चैत्रात वार्षिक परीक्षेची चित्रं तपासता तपासता त्यांना ताप भरला. चार दिवस मी खुंटीवर होतो. पाचव्या दिवशी घर माणसांनी भरलं आणि कुणीतरी मला बाजूला सारून खुंटीवर दुसरंच काही अडकवलं. मला फार वाईट वाटलं. याहून जास्त मला त्याबद्दल बोलता येत नाही.

दिवाळीनंतर हेडमास्तर घरी आले. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की शाळेचं संमेलन, तेव्हा ड्रॉइंग हॉलमध्ये मास्तरांची तसबीर लावायची ठरली होती. "बाई, तुम्हीच काढा," ते चंद्रव्वाला म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून काढून घेतली तर मास्तर वरून चुका काढतील."

चंद्रव्वा हसून हो म्हणाली. कॅनव्हास ताणला, माझं चित्र दोन दिवसांत झालं. ते तिला डोळे मिटूनही येतं. वर चेहऱ्याची जागा मोकळी ठेवली. आणि ती मोकळीच राहिली.

आठवडा गेला, दोन गेले. ती काढायची आणि चिंधीला टर्पेंटाइन लावून पुसायची. एका दुपारी ती कुंचला टाकून निंगव्वापाशी चुलीजवळ जाऊन बसली.

"आत्या, मला आप्पांचा चेहरा आठवेना झालाय."

"काय बोलतीस? रोजचा बाप तो."

"रोजचाच की. वेणी घालायला माझ्या मागं बसायचे. चित्र काढताना शेजारी, दोघं समोर बघत. मला त्यांचा आवाज येतो, बोटं दिसतात, नखातला रंग दिसतो. समोरून बघितलंच न्हाय मी कधी नीट. वाटलं, असणारच आहेत." ती रडत नव्हती, पण घाबरली होती. "आता काढला न्हाय तर जाईल तो, आत्या. कायमचा."

निंगव्वा तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "मला इचार की," ती म्हणाली. "माजाच भाऊ."

"तुला विचारलं की तू आप्पा सात वर्षांचे होते तेव्हाचं सांगतेस."

"मग काय झालं? नाक त्येच हाय."

चंद्रव्वानं मग बापाचीच रीत धरली. ज्यांनी बघितलं त्यांना विचारायचं. हेडमास्तर म्हणाले, चेहरा गंभीर, विचारात असलेला. शाळेचा शिपाई हरिबा म्हणाला, "गंबीर कुटला? मास्तर कायम हसतेलं." शेजारणीनं दोघांनाही खोडून काढलं. मग बांध्याचा माणूस शोधायचा. अक्कलकोटहून मास्तरांचा चुलतभाऊ नागप्पा याला बोलावलं, कापडाचा व्यापारी, पोट सुटलेला. माझी बटणं त्याच्या पोटावर लागेनात. तो बिचारा तासभर श्वास रोखून बसला. चंद्रव्वा म्हणाली, "झालं, काका, काढा आता कोट." ती कुंचला घेऊन टपून राहिली. नागप्पानं मला काढलं, हुश्श केलं आणि तो बसल्या जागी घोरायला लागला. चेहरा आला तो नागप्पाचाच. मग एक आतेभाऊ बसला, मग एक पुतण्या. गोतावळ्यातला एकही पुरुष बसवायचा राहिला नाही. संमेलन तोंडावर आलं, आणि चंद्रव्वा आता कॅनव्हासकडं पाठ करून जेवायला लागली.

मार्गशीर्षातली पहाट होती. थंडी अशी की मिलचा भोंगासुद्धा कापऱ्या आवाजात वाजल्यासारखा वाटला. निंगव्वा चूल पेटवायला उठली, कुडकुडली, तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सरळ मला खुंटीवरून ओढून अंगात घातलं. आयुष्यात प्रथमच माझ्यात बाईमाणूस आलं. लुगड्यावर कोट. मी काय दिसत होतो ते तुम्हीच समजून घ्या.

चंद्रव्वा उठून आली आणि दारातच थबकली. "आत्या, तो आप्पांचा कोट आहे."

"मग? थंडीला काय ठावं, कुनाचा कोट हाय ते?" निंगव्वा फुंकणीनं फुंकत म्हणाली.

चूल धडधडली. दूध तापत ठेवलं. निंगव्वाला उबारा आला तसं तिनं मला काढायला घेतलं. आधी डावा खांदा खाली टाकला. मग आखूड बाही मनगटाशी अडली, तिनं ओठ मुडपले, एक भुवई वर गेली, मान तिरकी झाली, आणि बाही सुटल्यावर तिनं नाकातून लांब श्वास सोडला आणि जाळाकडं बघत राहिली.

शाळेतून घरी येऊन मला काढताना मास्तर अगदी हेच करायचे. रोज. मी हे शपथेवर सांगेन, माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

"आत्या, हलू नको," चंद्रव्वा म्हणाली.

"अगं, दूध."

"जाऊ दे दूध."

सगळ्या पुरुषांना खुर्चीवर बसवून झालं होतं. पण पुरुषाच्या तसबिरीला बाई बसवायची, हे मास्तरांच्यासुद्धा कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि त्यांच्याच आईच्या पोटची, त्यांच्याच हाडापेराची बहीण तिथं चुलीपाशी रोज बसलेली होती. चंद्रव्वानं चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि तिथंच शहाबादी फरशीवर गुडघे टेकून काढायला सुरुवात केली. दूध उतू गेलं, चूल फसफसली, धूर झाला. निंगव्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. धुरानं, असं म्हणाली ती.

"मी बाईमानूस हाय की गं," ती ओठ न हलवता पुटपुटली. "मिशी कुटनं आननार?"

"मिशी मी लावते. तू फक्त हलू नको."

फरशीवरच्या चित्राला मिशी लागली, कपाळावर विभूतीची तीन बोटं आली. निंगव्वानं वाकून बघितलं. मग तिनं काळ्या झालेल्या फरशीवरून हात फिरवायला हात पुढं केला आणि पुसलं जाईल म्हणून मागं घेतला.

चंद्रव्वानं कॅनव्हासवर ताठ बसलेला माझा नेहमीचा अवतार खरवडून टाकला. नव्या तसबिरीत मास्तर मला अंगातून काढतायत. डावा हात बाहेर आलाय, उजवा अजून बाहीत अडकलाय, आणि ते समोर बघतायत. म्हणजे त्यांच्या तसबिरीत मी अर्धाच आहे. गावभर पुरा मिरवलो आणि घरच्या चित्रात अर्धा. दोन दिवस मी रुसलो होतो, तिसऱ्या दिवशी तो चेहरा बघितला आणि विसरून गेलो.

संमेलनाच्या दिवशी निंगव्वानं मला घडी घालून बरोबर नेलं. "त्याचा कोट हाय, त्यानं बगाया नगं का?" असं तिचं म्हणणं. ड्रॉइंग हॉल खचाखच भरला होता. हेडमास्तरांचं भाषण लांबलं, मागच्या बाकांवरची पोरं कुजबुजायला, एकमेकांना ढोसायला लागली, कुणीतरी शेंगा फोडत होता. हरिबानं कापड ओढलं.

कुजबुज थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या बाकावर एका पोरानं हळूच आपली टोपी सरळ केली. मग त्याच्या शेजारच्यानं. शेंगा खाणाऱ्यानं टरफलं मुठीत लपवली. बघता बघता सगळा हॉल नीट बसला. हरिबा कापड हातात धरून नुसता म्हणाला, "आलं बगा मास्तर."

निंगव्वा चंद्रव्वाच्या कानाशी वाकली. "मिशी बरी काडलीस," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि मग रडल्या.

तसबीर आता शाळेतच आहे. ज्यांचा चेहरा मिळवायला पोर एवढी धडपडली, तो तिनं गावाला देऊन टाकला. घरची भिंत रिकामी आहे. तिला कुणी विचारलं तर म्हणते, "त्यांना पोरांतच करमतं."

मी आता म्हातारा झालोय. कोपर फाटलंय, अस्तर लोंबतंय, तसबिरीला बसायला मला कुणी मागत नाही. हल्ली ज्याचा त्याचा कोट असतो. माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात मी भिंतीवर असलो तर मला फार बघू नका. माझ्या वर जो चेहरा आहे तो मला काढून ठेवल्यावरचा आहे, आणि तो कुणीतरी फार जीव लावून बघितलेला आहे. त्याच्याकडं बघा. आणि घरातली जिवंत माणसंही जरा समोर बसून बघून घ्या.

माझं बरं चाललंय. रोज पहाटे निंगव्वा मला अंगात घालून चुलीशी बसते. ऊब आली की काढते. त्या वेळी चंद्रव्वा हातातलं काम थांबवून दारात उभी असते, आणि आपण सहज उभ्या आहोत असं दाखवते. निंगव्वाला ते ठाऊक असतं. उभा जन्म जिनं प्रत्येक काम घाईनं उरकलं, ती मला काढायला मात्र हल्ली फार वेळ लावते.